उठवणीचा होकार

धारेच्या वाडीत माणसाला हाक मारायची तर कुकारा घालत. कुकाऱ्यात गंमत चाले. बायका एका बांधावरून दुसऱ्या बांधावर कुकारे घालून चहाडी करत, गुराखी गुरांना घालत, आणि खालच्या कापडे गावाहून चढून येणारा माणूस खालच्या वळणावरून कुकारा घालून घरी चहाचं आधण ठेवायला सांगे. उठवण मात्र वेगळी. ती बेंबीपासून निघायची, हळूहळू चढायची, पार वर गेल्यावर मधेच मोडायची, आणि मोडल्या जागेवरून पुन्हा उभी राहायची. तो मोड कानावर पडला की हातातलं काम हातात ठेवायचं नाही. ज्यानं ऐकली त्यानं दारातून होकार द्यायचा. आखूड, वरून खाली उतरणारा, "होऽ". म्हणजे ऐकलं, निघालो. मग गुरांची दावी सोडायची, म्हातारी माणसं पुढे घालायची आणि काळकाई देवीच्या सहाणेवर जमायचं. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी नाचवायची मोकळी जागा. डोंगराच्या सोंडेवरचा नुसता कातळ. तिथे झाड पडत नाही आणि दरड येत नाही.

होकार देऊन घरात बसून राहिला, असा माणूस वाडीत झाला नव्हता. म्हणून उठवण घालणारा कान देऊन होकार ऐकत राही. ज्या घराचा आला, त्या घराची काळजी मिटली. ज्याचा आला नाही किंवा कच्चा आला, तिकडे आधी धावायचं. एवढाच सगळा कायदा, आणि तो कोणी लिहून ठेवला नव्हता.

उठवण घालायचं काम तुळजाबाईकडे बापापासून आलं होतं. भावाचा गळा चालला नाही, हिचा चालला. नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली, आणि पाठोपाठ भाऊ-भावजयही गेल्यावर भावाची पोर अंकिता हिच्याच हाताखाली वाढली. पोर चार-पाच वर्षांची असताना तुळजाबाईनं ओळखलं की हा गळा आपल्याहून मोठा आहे. मग ती तिला डोंगराच्या धारेवर घेऊन जायची. "गावाकडं पाठ कर गो. रानाकडं तोंड कर," म्हणायची. धारेच्या मागे नुसतं रान, वस्ती नव्हती. तिकडे तोंड करून शिकायला हरकत नव्हती. वाडीकडे तोंड करून कोणा पोरानं गमतीत उठवण घातली तर मात्र थोबाड फुटायचं.

त्याच गळ्यानं अंकिता महाडच्या शाळेत गेली, तिथल्या गाण्याच्या बाईंनी तिला मुंबईला धाडलं, आणि मुंबईहून ती परदेशात ऑपेरा शिकायला गेली. ऑपेरा म्हणजे काय हे तिनं आत्याला एकदा समजावलं होतं. संगीत नाटकासारखंच, पण सगळं गाऊनच बोलायचं, आणि माईक घ्यायचा नाही. केवढंही थिएटर असो, नुसत्या श्वासाच्या जोरावर शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचं.

"मंग त्यात शिकवायचं काय?" तुळजाबाई म्हणाली होती. "माझा आवाज दरीपल्याडच्या वाडीत जातो."

"तेच शिकवतात गो आत्या. भरपूर फी घेऊन."

दोघी पोट धरून हसल्या होत्या.

*

ती अंकिता माघात आली, आणि तिच्यासोबत आमोद आला. आमोद महाडच्या औषधवाल्यांच्या घरातला, पुण्यात मोठमोठे कार्यक्रम भरवणारा. अंगणात खुर्चीवर बसून तो भराभरा बोलत होता.

"मावशी, तिकडे ऑपेराला चारशे माणसं येतात. तीही सूट घालून, खोकला दाबून बसतात. आम्ही करतो त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. गळा तोच, शिक्षण तेच, पण गाणी लोकांच्या ओळखीची, पाठीशी ढोल, समोर मैदान भरून माणसं. परदेशातला एक गायक येतोय अंकिताबरोबर. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं खर्च उचललाय. सगळं तयार आहे. फक्त एक गोष्ट इथल्या मातीतली हवी."

"माती मागायला माझ्याकडं कशाला आलास रे बाबा?"

अंकिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आत्याकडे न बघता म्हणाली, "काल मी धारेवर गळा मोकळा करत होते. यानं ऐकलं."

"काय ऐकलं?"

"उठवण."

तुळजाबाईच्या हातातलं सूप थांबलं. "पुरी?"

"मोडापर्यंत. मोड नाय घेतला. आणि तोंड रानाकडं होतं."

"मावशी, अंगावर काटा आला माझ्या," आमोद म्हणाला. "आणि हिला म्हणे उत्तर असतं? लोक उत्तर देतात? विचार करा, अख्खं मैदान उत्तर देईल."

"मैदानाला निघून जायचंय कुठं?"

आमोदला तो विनोद वाटला. तो मोकळेपणी हसला. अंकिता हसली नाही. "तू नाय म्हणालीस तर नाय, आत्या. मी दुसरं काय तरी गाईन. तशीपण ऑपेरावाली लोकं मला नावं ठेवतात. माईक घेतला म्हणजे पोरगी बाटली, असं माझ्या तिकडच्या गाण्याच्या बाईच बोलल्या."

रीत अशी होती की अशा गोष्टीला काळकाईचा कौल लावायचा. देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या आणि कोणत्या बाजूची पडते ते बघायचं. तुळजाबाई देवळाकडे गेली नाही. कोणती पाकळी पडेल हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच गेली नाही.

आजवर तिचा गळा लोकांना आठवला तो आग लागली तेव्हा, पाणी चढलं तेव्हा. उठवण ऐकून माणसं धावत सुटत. संकट टळलं की देवीला नारळ फुटत. तुळजाबाई, छान घातलीस, असं कोणी कधी म्हणालं नव्हतं. म्हणायची ती गोष्टच नव्हती. पण माणूस म्हातारं होतं तसं त्याला नको ते हवंसं वाटतं.

"मोड घ्यायचा नाय," ती शेवटी म्हणाली. "मोडाशिवाय तो नुसता कुकारा. तेवढा गा."

*

कार्यक्रमाला सगळी वाडी टेम्पोत बसून महाडला गेली. टेम्पो मुरारीनं ठरवला होता. मुरारी वाडीच्या शेवटच्या घरातला, डोंगराच्या अगदी पोटाशी राहणारा. वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीनं कामाला जायचा. बोलका, हौशी. अंकिताचा फोन यायचा तोही त्याच्याच मोबाईलवर, कारण तुळजाबाईनं मोबाईल घेतला नव्हता. त्यानं पुढच्या रांगेचे पास मिळवले होते आणि बायकोला, निशाला, नवी साडी नेसायला लावली होती.

मैदानाला कड दिसत नव्हती. दोन्ही बाजूंना घराएवढे पडदे. आधी तो गोरा गायक आला. दाढीवाला, रांजणासारखं अंग. त्यानं वाकड्या मराठीत एक कोळीगीत म्हटलं आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मुरारी शिट्ट्या मारून लाल झाला. मग अंकिता आली. काळा पायघोळ झगा आणि नाकात आजीची नथ. तिनं तिकडचं एक गाणं म्हटलं. हरवलेलं मूल शोधणाऱ्या बाईचं, असं आधी सांगितलं होतं. शब्द कोणालाच कळले नाहीत, पण तुळजाबाईचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला. श्वास तिथूनच येत होता, तिनं शिकवला तिथूनच.

मग अंकितानं लोकांना उठवणीचं सांगितलं. होकार कसा द्यायचा ते दोनदा म्हणवून घेतलं. मागून संथ ढोल सुरू झाला. तिनं उठवण घेतली, चढवत नेली, आणि कबूल केल्याप्रमाणे मोडाच्या अलीकडे सोडून दिली. मैदानानं होकार दिला.

पुढच्या रांगेतली धारेच्या वाडीची माणसं खुर्च्यांवरून अर्धी उठली होती. निशाच्या तर एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात पिशवी होती.

"बस गो, गाणं हाय!" मुरारीनं तिला पदराला धरून खाली ओढलं. वाडीची माणसं एकमेकांकडे बघून लाजली आणि मग सगळीच हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्या वेळी अंकितानं घेतली तेव्हा उठायला कोणी बूड हलवलं नाही. सगळ्यांनी बसल्या जागेवरून होकार दिला, इतरांपेक्षा मोठ्यानं.

"ही मला जिनं शिकवली ती माझी आत्या इथं बसलीय," अंकिता म्हणाली, आणि उजेडाचा झोत तुळजाबाईच्या तोंडावर आला.

ती पदर सावरत स्टेजवर गेली. माईक समोर आला आणि तिला स्वतःचाच श्वास चारी बाजूंनी ऐकू आला. अंकितानं वाकून कानात सांगितलं, "मोड नको हं, आत्या. आपलं ठरलंय."

तुळजाबाईनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज चढत गेला तसं मैदान शांत होत गेलं. पार मागे कुठे तरी रडणारं मूलही गप्प झालं. मोडाची जागा आली. तिथे थांबता आलं असतं. सवयीनं झालं, गर्दीमुळे झालं, असं पुढे ती स्वतःला पुष्कळदा सांगणार होती. खरं एवढंच की तिला थांबायचं नव्हतं. तिनं मोड घेतला, आणि मोडल्या जागेवरून आवाज पुन्हा उभा केला, आयुष्यात कधी केला नव्हता असा.

होकार आला तो पायाखालच्या फळ्यांतून आला. छाती हादरली. आणि जन्माच्या सवयीनं तिनं डोळे उघडून बघितलं, कोण निघालं, कोण राहिलं. समोर नुसते मोबाईलचे दिवे. सगळ्यांनी होकार दिला होता आणि जागचं कोणीही हललं नव्हतं.

गर्दीच्या त्या उकाड्यातही तिच्या पाठीवरून गार काही तरी उतरलं. मग टाळ्या पडल्या आणि ती विसरली.

*

आत्या-भाचीची ती चित्रफीत आठवड्याभरात कुठे कुठे गेली. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर पोरं एकमेकांना उठवण घालू लागली. लग्नाच्या हळदीला डीजेवाल्यानं तिच्यावर ठेका चढवला. शिमग्यात पालखी नाचवताना कोणी तरी ती घेतली आणि सगळ्या सहाणेनं नाचता नाचता होकार दिला. मुरारीनं तर ती आपल्या मोबाईलची घंटीच करून टाकली. आधी तुळजाबाईचा आवाज, चढणारा, मोडणारा, मग अख्ख्या मैदानाचा होकार. अंकिता परत गेली होती. तिचा फोन आला की मुरारी वाजता मोबाईल हातात धरून अंगणातून ओरडत यायचा, "आत्या, तुझाच आवाज तुला बोलावतोय!"

तुळजाबाई लटक्या रागानं म्हणायची, "उचल रे मेल्या, किती वाजवतोस." पण पुरती वाजून होईपर्यंत ती हात पुढे करत नसे.

चैत्रात पल्याडच्या डोंगराला वणवा लागला. पल्याडच्या वाडीला उठवण घालायचा चांगू. तुळजाबाईच्याच वयाचा, काटकुळा. त्यानं वणव्याच्या मदतीसाठी उठवण घातली. धारेच्या वाडीतून होकार गेले, एकापाठोपाठ एक, चांगले ठणठणीत. त्यातला एक मुरारीचा होता. तो ओट्यावर पेपर वाचत होता आणि होकार देऊन पेपरच वाचत राहिला. दोन-चार माणसं गेली, बाकीच्यांना ते चांगूचं गाणं वाटलं. पल्याडचे दोन गोठे जळाले. एक गाभण म्हैस दाव्याला बांधलेली तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी चांगू दरी उतरून, चढून आला. धोतराला जळका वास येत होता. तो ओट्यावर बसला, पाणी घेतलं नाही.

"तुळजे, होकार आला नसता तर मी कापड्याला माणूस धाडला असता. आला म्हणून वाट बघत बसलो. समजलं तुला? गप बसला असतात तर म्हस वाचली असती."

"तुझा गळा म्हातारा झाला चांगूबा. लोकांना कळली नसंल."

"कळली. कळली म्हणून तर साथ दिली ना, मागं कोरस असतो तशी!" तो उठला. "तुझ्या आवाजानं आता घरं उठत नायत गो. हात उठतात, मोबाईल धरून."

"माझ्या उठवणीला माणसं उठतात," तुळजाबाई तडकून म्हणाली. "तू तुझं बघ."

चांगू पायवाटेला लागला. त्याचं बोलणं मात्र ओट्यावरच बसून राहिलं. संध्याकाळी ती मुरारीकडे गेली.

"ती घंटी काढून टाक रे."

"का गो आत्या? कंपनीत सगळी मागतात ती घंटी."

"कान मरतो त्यानं."

मुरारी हसला. "खरी कुठली नि मोबाईलची कुठली, एवढं कळत नाय व्हय आमाला? खरीला पाऊस असतो, वारा असतो, तुझं तोंड असतं. तू एकदा घालून तर बघ, ढुंगणाला पाय लावून पळतो की नाय." आणि गंमत म्हणून त्यानं ती तिथेच वाजवली. तुळजाबाईनं ऐकली. मोडाच्या जागी तिचं ऊर भरून आलं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

*

आषाढात पाऊस लागला तो उसंत न घेता. लावण्या झाल्या होत्या, शेतात काम नव्हतं. वीज गेली होती. माणसं घरात चुलीपाशी बसून होती. त्या दिवशी सकाळी मुरारी रात्रपाळी करून चिंब भिजून आला. "कशेडी घाटात माती आलीय. ट्रकांची रांग पार पोलादपुरात," असं जाता जाता ओट्यावरच्यांना सांगून तो घरी जाऊन झोपला.

तुळजाबाई हंडा घेऊन पाण्यावर गेली. डोंगरातल्या झऱ्याला नळी लावून वाडीनं पाणी आणलं होतं. पावसाळ्यात ती नळी फुटेल अशी वाहायची. तिनं हंडा खाली धरला तेव्हा नळीतून तांबडी पिचकारी आली, खोकल्यासारखी, आणि मग काहीच आलं नाही.

ती हंडा धरून उभी राहिली. वरून आभाळ कोसळत होतं आणि झऱ्याला थेंब नव्हता. शेजारचा ओहोळही गप्प झाला होता. एवढ्या पावसात ती शांतताच पहिल्यांदा कानाला लागली. मग तिनं मुरारीच्या घरामागच्या फणसाकडे बघितलं. काल तो सरळ होता. आज कोणी हाक मारल्यावर मान वळवावी तसा तो वाडीकडे झुकला होता. झऱ्याचं पाणी डोंगर पोटात ठेवू लागला म्हणजे काय, हे वाडीतल्या कोणालाही सांगावं लागलं नसतं. मागच्या काही वर्षांत तालुक्यात दरडींनी जे केलं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

हंडा टाकून ती घरामागच्या दगडावर चढली. पदर कमरेला खोचला, वाडीकडे तोंड केलं आणि उठवण घातली. पावसाच्या आवाजाला फाडून ती वर गेली, मोडली, उभी राहिली.

होकार आले. पहिला मुरारीच्या घराकडून आला, सगळ्यांत खणखणीत. मग मधल्या आळीतून, मग देवळाकडच्या घरांतून. दोन-तीन कच्चे होते, पण आले. एकही घर राहिलं नाही.

तुळजाबाईच्या जिवात जीव आला. चांगू काय वाटेल ते बोलो. तिनं शेळीचं दावं सोडलं आणि सहाणेची वाट धरली.

सहाणेवर कोणी नव्हतं. ती कातळावर शेळीला धरून उभी राहिली. म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो, तिनं मनाशी म्हटलं. गुरं सुटायला वेळ लागतो. वाट वाहून गेली असेल. वाटेच्या वळणावर तिनं डोळे लावले. वळणावर पाऊस पडत होता.

मग तिचं लक्ष घरांच्या कौलांकडे गेलं. कौलांतून धूर निघत होता. प्रत्येक घरातून, निवांत, चुलीवर भाकरी असताना निघतो तसा.

तिनं तिथूनच पुन्हा उठवण घातली. आवाज फाटला. पुन्हा होकार आले, आधीपेक्षा रंगात येऊन. कोणी तरी डब्यावर ठेका धरला. कुठल्याशा घरातून हसण्याचा आवाज कातळापर्यंत आला.

मैदानातली ती गार लहर पाठीवरून पुन्हा उतरली. या वेळी ती टाळ्यांत बुडाली नाही.

ती उतारावरून घसरत खाली आली. तिनं जुन्या कायद्यानं धाव घेतली. कच्च्या होकाराची घरं आधी. पहिल्या घरात बायका चुलीभोवती जमल्या होत्या, निशाही तिथेच सासूला घेऊन गप्पांना आली होती.

"ये गो आत्या, चहा घे. आज काय गळा लागलाय तुझा!"

तुळजाबाईला बोलायला श्वास नव्हता. तिनं कोपऱ्यातली कळशी उचलली आणि पेटत्या चुलीवर उपडी केली. राख उडाली, भाकरी भिजली, घरभर पांढरी वाफ झाली. वाडीत पेटत्या चुलीवर पाणी पडतं ते घरातून मढं निघतं तेव्हाच. बायका किंचाळल्या. एकीनं तिचा हात धरला, आणि हात धरल्यावर तोंड बघितलं.

"झरा थांबलाय," तुळजाबाई म्हणाली. "सहाणेवर."

बायका तशाच दाराबाहेर पडल्या. ती घरोघर गेली. पायातल्या चिखलासकट आत शिरली, चुली विझवल्या. ज्या घरात कळशी सापडली नाही तिथे चुलीतली लाकडं ओढून अंगणात फेकली. माणसं शिव्या देत बाहेर आली आणि बाहेर आल्यावर पळत सुटली. गुरं हंबरत चढू लागली.

निशा सासूला पाठीवर घेऊन निघाली होती. "मुरारी?" तुळजाबाईनं विचारलं.

"घरात झोपले होते. पण त्यांनी होकार दिला की. मी आयकला. पुढं गेले असतील."

तुळजाबाईनंही ऐकला होता. सगळ्यांत पहिला आणि सगळ्यांत खणखणीत. म्हणून तर ते घर तिनं शेवटी ठेवलं होतं.

ती शेवटच्या घराकडे धावली, पण पोचायच्या आतच फणस हलला. पडला नाही, उभाच्या उभा पुढे सरकला. निशा सहाणेच्या वळणावर पोचली होती. तिथून वर बघून तिनं ओरडून सांगितलं, "आत्या, हे इथं नायत!" त्यानंतर डोंगराचा आवाज झाला आणि बाकी काही ऐकू आलं नाही. देवळाकडच्या पायरीपाशी कोणी तरी तुळजाबाईला दंडाला धरून ओढलं. तिच्या समोरून शेवटचं घर, मधल्या आळीची चार घरं आणि ती उभी राहायची तो दगड, सगळं तांबड्या चिखलाबरोबर खाली गेलं.

*

दुपारपर्यंत पाऊस ओसरला. मदतीच्या गाड्या वाटेत अडकल्याचं पल्याडून चांगूनं कुकारे घालून कळवलं. तो स्वतःची माणसं घेऊन दरीतून चढत होता. तोवर वाडीची माणसं फावडी, घमेली, हात, मिळेल त्यानं माती उपसत होती. बाकी सगळी वाडी सहाणेवर होती. एक मुरारी नव्हता. त्याचा तो होकार झोपेतला होता की जागेपणीचा, हे आता कोण सांगणार होतं? निशा नखांनी माती ओरबाडत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "दिला होता ना गो? तू आयकलास ना?"

"आयकला," तुळजाबाई म्हणत होती.

तेव्हा चिखलातून आवाज आला.

आधी बारीक, मग चढत चढत. सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले. मातीच्या खालून तुळजाबाईचा आवाज उठवण घालत होता. वर गेला, मोडला, मोडल्या जागेवरून उभा राहिला. त्याच्यामागून मैदानाचा होकार आला. हजारो माणसांचा, दबलेला, जणू ती सगळी माणसं तिथेच खाली होती. मग शांत झालं. दूर परदेशात अंकिताला काही तरी कळलं असणार, किंवा काहीच कळलं नसेल आणि तिनं नुसता आत्याशी बोलायला फोन लावला असेल.

"हायत! ते हायत!" निशा ओरडली.

घंटी पुन्हा वाजली. माणसं चिखलात उभी राहून तुळजाबाईकडे बघू लागली, तिनंच ती घातली असल्यासारखी.

आवाज चढला. मोडाची जागा आली. तुळजाबाई गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात मातीत रोवून वाकली, आणि खालच्या त्या गर्दीनं तोंड उघडायच्या आत तिनं होकार दिला. आखूड, वरून खाली उतरणारा.

होकार दिला की निघायचं असतं. आवाज जिथून येत होता तिथे ती हातांनी माती उपसू लागली.